वरच्या कप्प्यातली तंबाखू

मी एक जुना, लाल रंगाचा पानाचा डबा आहे. मित्रांनो, ब्रह्मदेशातल्या बागान गावच्या एका कारागिराने बांबूच्या कामट्या आणि घोड्याचे केस विणून मला घडवले, झाडाच्या चिकाचे थर देऊन तळघरात वाळवले. माझ्या वरच्या कप्प्यात तंबाखू, सुपारी आणि चुना असे. खाली ओली पाने.

इरावती नदीकाठी एई तिन नावाच्या बाईच्या घरी पाहुणा आला, की पाण्याच्याही आधी मला पुढे करत. "डबा असावा तर असा!" लोक म्हणत. मला फार अभिमान वाटे.

मग तिची लेक न्वे यी गरोदर राहिली. तिच्या पोटात अन्नाचा कण टिकेना.

"तंबाखूचा विडा चघळ जरा पोरी, उलटी थांबते," एई तिन म्हणाली.

"पण आई, बाळाला काही झालं तर?"

"फार तर लहान राहील. बरंच की! मोठं डोकं असलं तर बाळंतपणात तूच गाव गोळा करशील ओरडून."

शेजारणी हसल्या. न्वे यीही हसली आणि तिने माझे झाकण उघडले. उलटी खरेच थांबली. पुढे रोज सहा-सात विडे होऊ लागले.

तंबाखूतले विष आईच्या रक्तातून वारेपर्यंत जाते. तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला अन्न व प्राणवायू कमी पडतो. हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. पण झाकण उघडताना तिचा हात थबकला होता, तो मी पाहिला होता.

मुलगी पाच आठवडे आधीच जन्मली. नर्सबाईंनी तिला तराजूच्या झोळीत ठेवले.

"पावणेदोन किलो! मावशी, लेकीला काय खायला घालत होतात?"

एई तिनने मला पुढे केले. नर्सबाईंनी मला उघडून वास घेतला.

"सगळं यानंच झालं, असं मी म्हणणार नाही. पण बाळाच्या तोंडचं यानं काढून घेतलं, एवढं नक्की."

न्वे यीने बाळाला महिनाभर उघड्या छातीशी धरून जगवले. एई तिनने मला नदीवर नेऊन घासले. वास गेला नाही.

आता न्वे यीला पुन्हा दिवस गेले आहेत. मी उंच फळीवर आहे.

"काय हो, डबा कुठे लपवलात? आम्ही पाहुणे ना?" काल कोणीतरी विचारले.

"आधी पोटातला पाहुणा," एई तिनने आल्याचा चहा पुढे ठेवत सांगितले.

मित्रांनो, त्या पाहुण्याला 'नको' म्हणता येत नाही. ते तुम्ही म्हणा. मला मात्र फळीवरच राहू द्या.