काकांच्या मापाची गाडी

मृत्युंजय डाळमिलवाल्यानं हैदराबादच्या एका डॉक्टरची जुनी जर्मन स्पोर्ट्स कार विकत घेतली आणि लातुरात आणली. दोन दारं, दोनच सीटा, आणि पोट जमिनीला टेकत आलेलं. पोटाच्या बाबतीत गाडीचं आणि मालकाचं चांगलं जमलं. डॉक्टरनं ती का विकली, हे मृत्युंजयनं विचारलं नव्हतं. ते औसा रोडवरच्या पहिल्या खड्ड्यानं न विचारताच सांगितलं. शॉकअप पार मेलेले होते. एकदा आदळली की पुढचा अर्धा फर्लांग गाडी होय-होय करत मान हलवत राहायची.

मग शॉकअप परदेशातून आले. पिवळेधमक, स्प्रिंगांसकट, उंची आणि कडकपणा कमीजास्त करता येणारे. मृत्युंजयनं त्यांना विभूती लावली, नारळ फोडला आणि एमआयडीसीतल्या रामकिशन मेकॅनिकला बोलावलं. रामकिशनचं सगळं शिक्षण मोबाइलवर झालं होतं आणि अजून चालू होतं.

"मालक, नुसते बसवून भागत न्हाई," तो म्हणाला. "भाईरच्या देशात चारी चाकांखाली काटे मांडतात. कोणत्या चाकावर किती भार येतो ते बघून स्प्रिंग फिरवायची. मंग गाडी पाण्यावानी चालती. फक्त रोजची बसणारी माणसं आत बसलेली पायजेत."

काट्यांना डाळमिलमध्ये काय तोटा! पोती तोलायचे चार इलेक्ट्रॉनिक काटे अंगणात मांडले गेले, त्यांच्यावर गाडी चढवली गेली. मृत्युंजय स्टेअरिंगमागे बसला आणि त्यानं बायकोला हाक मारली.

महादेवी ओसरीवर आली. तिनं काटे पाहिले. काट्यांवरचे लाल आकडे पाहिले. मग ते आकडे वाचायला गोळा झालेले मिलमधले सगळे हमाल पाहिले.

"मी काय तूर हाय का?"

"अगं, गाडीसाठी हाय."

"मंग गाडीलाच तोला," असं म्हणून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

नेमके त्याच वेळी शरणप्पा काका अंगणातून चालले होते. हे मृत्युंजयचे धाकटे चुलते. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, एकटे. ग्रंथालयातली शांतता राखण्याची पाटी त्यांनी इतकी मनावर घेतली होती, की निवृत्त झाल्यावरही ते घरात कुजबुजतच बोलत. प्रत्येक वाक्यानंतर "असं आपलं मला वाटतं, चूकही असेल" हे शेपूट ठरलेलं. कुणाला नाही म्हणायचं झालं तर त्यांना आधी घसा साफ करावा लागे, आणि तो साफ होईतो काम उरकलेलं असे. आताही तसंच झालं. त्यांनी खाकरायला सुरुवात केली तेव्हा ते अंगणात होते आणि खाकरून झालं तेव्हा डाव्या सीटवर. मांडीवर हातातला जाडजूड शब्दकोश तसाच.

"रामकिशन," काका कुजबुजले, "हे काटे वगैरे शर्यतीच्या गाड्यांसाठी असतं ना? आपल्याला नांदेडला, उदगीरला जायचं म्हणजे... असं आपलं मला वाटतं, चूकही..."

"हालू नका काका, आकडा पळायलाय."

संध्याकाळपर्यंत स्प्रिंगा फिरत राहिल्या. शेवटी रामकिशननं घाम पुसून जाहीर केलं, की गाडी आता या दोन माणसांसाठी तंतोतंत बसली आहे. मृत्युंजयनं ते बोलणं गुरुमंत्रासारखं घेतलं, आणि काकांच्या आयुष्यातली शांतता त्या दिवशी संपली.

शिरूर अनंतपाळला साखरपुडा? काका चला. उदगीरला बारसं? काका चला. किल्लारीला कारखान्यावर कुणाला भेटायचंय? काका, आटपा. काकांना जेवणावळींची भीती, अनोळखी माणसांची भीती, ओळखीच्यांची जरा जास्तच. पण गाडीच्या लेव्हलचा प्रश्न होता. पंगतीत काकांनी दुसऱ्यांदा भाताला हात पुढे केला की समोरून मृत्युंजयची नजर यायची. एकदा त्यांनी शब्दकोशाऐवजी खिशात मावेल असं कवितांचं पुस्तक बरोबर घेतलं, तर गाडी फाटकातून माघारी फिरली.

"काका, सेटिंगच्या दिवशी जे पुस्तक व्हतं तेच पायजे. कविता लई हलकी पडती."

काकांना हे परीक्षण अगदीच चुकीचं वाटलं असं नाही. ते मुकाट्यानं शब्दकोश घेऊन आले. पुढच्या काही महिन्यांत डावीकडच्या खिडकीत बसून, दात एकमेकांवर आपटत, ते 'अ'पासून 'ध'पर्यंत पोचले. कारण नवे शॉकअप इतके कडक होते, की बिडीच्या थोटकावरून गेली तरी गाडी पाठीच्या कण्याला कळवायची. मृत्युंजय याला 'रोड फील' म्हणे.

अशात नांदेडहून निरोप आला. महादेवीच्या भावानं, वीरभद्रनं, नवं घर बांधलं होतं आणि वास्तुशांत होती. महादेवीनं चार दिवस आधीच साडी काढून ठेवली. त्या साडीला कारण होतं. लग्नात तिची पाठवणी नांदेडहून डाळीच्या ट्रकातून झाली होती. ठरवलेली जीप ऐन वेळी बंद पडली आणि सासरच्यांनी माल उतरवून परत निघालेल्या आपल्याच ट्रकच्या केबिनमध्ये नवरीला बसवलं. शालू नेसून ती क्लीनरच्या जागेवर बसली होती. तेव्हापासून माहेरी गेली की मोठी वहिनी विचारायची, "वन्सं, आज काय, माल घेऊन आलात का रिकाम्याच?" तिला एकदा, फक्त एकदा, माहेरच्या दारात या गाडीतून उतरायचं होतं. फोनवर तिनं वहिनीला तसं सांगूनही टाकलं होतं.

"तू बसनं ये," आदल्या दिवशी मृत्युंजय म्हणाला. "काका न्हाई बसले तर गाडी एका अंगाला ओढती. आन तू तर वजन सांगीना."

महादेवीनं पिशवी भरली. शेजारच्या खोलीत काकांनी घसा साफ करायला घेतला. पहाटेपर्यंत तो साफ झाला, पण तोवर महादेवी बस स्टँडवर गेली होती.

थोड्या वेळानं, बस सुटायच्या आधीच, गाडी निघाली. बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे, आत दोन माणसं आणि एक शब्दकोश. मोकळ्या रस्त्यावर ती सुटायची तेव्हा खरंच बाणासारखी सुटायची, पुढच्या गावापर्यंत. आणि या रस्त्यावरच्या प्रत्येक गावाला आपला असा एक गतिरोधक आहे. तो गावकऱ्यांनी हौसेनं उंच केलेला असतो. तिथं गाडी थांबायची, तिरकी व्हायची, एकेक चाक तान्ह्या बाळासारखं पलीकडे ठेवायची. चाकूरच्या पुढं मागून एक लाल बस आली आणि ओलांडून गेली. काकांनी वर पाहिलं. खिडकीत महादेवी होती. मग गाडीनं बसला मागं टाकलं, अहमदपुरात बसनं गाडीला. प्रत्येक वेळी खिडकीतून महादेवी खाली काकांकडे बघायची. रागानं बघितलं असतं तर काकांना सोसलं असतं. ती नुसतीच बघायची, सीटकडे.

काका 'न' अक्षरावर होते. एकही शब्द डोक्यात शिरेना.

लोह्याला मृत्युंजय चहाला थांबला. बसही तिथंच उभी होती. काका उतरले, शब्दकोश छातीशी धरून बसकडे गेले आणि वर चढले.

"महादेवी, ऊठ. ही जागा माझी."

"काय झालं काका? रस्ता चुकलात का?"

"ऊठ म्हणतो ना." काकांचा आवाज अख्ख्या बसनं ऐकला. कंडक्टरनंही वळून बघितलं. काका स्वतःच इतके दचकले की त्यांनी पुढचं लगेच कुजबुजून घेतलं, "गाडीत जाऊन बस. हे पुस्तक मांडीवर ठेव, म्हणजे तो गप बसेल. असं आपलं मला वाटतं."

महादेवी पदर सावरून उठली.

खाली मृत्युंजय कप हातात घेऊन धावत आला. "अवो काका! उतरा! लेव्हल बिघडंल की!"

काकांनी घसा साफ केला नाही. वेळच नव्हता. "मला मळमळतंय," ते खिडकीतून म्हणाले. "उलटी आता होईल की मग होईल, सांगता येत नाही. गाडीत बसा म्हणतोस तर बसतो."

मृत्युंजयच्या डोळ्यांसमोरून गाडीच्या पांढऱ्या चामडी सीटा गेल्या. चुलत्याबद्दलची सगळी माया त्याच्या चेहऱ्यावर एकदम गोळा झाली.

"न्हाई न्हाई काका! तुमी बसनंच या. खिडकीकडंला बसा. सावकाश या!"

त्यानं मग बायकोकडे पाहिलं. "तुझं वजन तरी..."

"गाडी चालवा," महादेवी म्हणाली आणि जाऊन बसली.

काकांना नांदेडपर्यंत मळमळ झाली नाही. मात्र आपण खोटं बोललो, वरून ओरडलो, आणि कदाचित महादेवीला यातलं काहीच नको असेल, या विचारानं ते खिडकीतून वळून वळून मागं गाडी दिसते का बघत राहिले. स्टँडवरून रिक्षा करून ते वीरभद्रच्या दारी पोचले, तेव्हा गाडीचा पत्ताच नव्हता. ती शहरातल्या गतिरोधकांशी बोलणी करत होती. फाटकाशी बायका ओवाळायचं ताट घेऊन ताटकळल्या होत्या. काका त्यांच्या मागं, भिंतीला चिकटून उभे राहिले.

आणि गाडी आली. कोपऱ्यावर ती तिरकी झाली, एकेक चाक उचलत फाटकाशी आली. अख्खी गल्ली बघत होती. दार उघडलं. महादेवी उतरली, सावकाश, निऱ्या नीट करत, घाई कशाचीच नसल्यासारखी. मोठ्या वहिनीनं ताट हलवलं, पण विचारायचं ठेवणीतलं वाक्य तिला सापडेना.

मृत्युंजय गर्दीतून काकांपाशी आला. "काका, गाडी काय चालली! पाण्यावानी! मी म्हनलं नव्हतं, सेटिंग एकदा बसली की बसली?"

"हो," काका म्हणाले. शेपूट लावायचं राहूनच गेलं.

तिकडे वहिनीची नजर महादेवीच्या हातातल्या शब्दकोशावर गेली. "आन हे काय, वन्सं? एवढं जाड?"

"ह्ये?" महादेवीनं तो परत डाव्या सीटवर नीट ठेवला आणि दार लावलं. "गाडीचा पार्ट हाय."