मुलींच्या दारावरची तपासणी

पोहण्याच्या टँकचं पाणी मार्चपासून बदललेलं नव्हतं. मालक गोरखशेठला ते ठाऊक होतं, आणि उज्ज्वलाला, कारण रोज पहाटे त्यात ब्लिचिंग पावडर कालवायची तीच. तिच्या बोटांची सालं निघायची. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची भातशेती पोट भरेना, म्हणून नवऱ्यासोबत ती कळंबला आली, टँकमागच्या खोलीत राहिली. खोली नोकरीबरोबर मिळाली होती, आणि पोरीला पोहायलाही मिळत होतं.

तेरा वर्षांची रत्ना पोहायची म्हणजे काय विचारता! धरणाच्या पाण्यावर वाढलेली पोर, बाकीच्या अर्ध्यात असायच्या तेव्हा ही भिंतीला हात लावून माघारी वळलेली. मे अखेरच्या रविवारी याच टँकवर निवडचाचणी होती. पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात तालुक्यातून एकाच मुलीला जागा होती. शाळा, जेवण, कोच, सगळं तिथंच. रत्नाच्या जवळपास पोहणारी एकच होती, बागायतदारांची आरती.

एप्रिलपासून पोरं खाजवायला लागली. गजकर्ण! आधी आरतीच्या मांडीवर उठलं. तिचा ओला टॉवेल रत्नाने दोनदा वापरला, मग रत्नाच्या खांद्यावर गोल चट्टा आला. आरतीच्या आईने मेडिकलमधून क्रीम आणली आणि आठवड्यात पोरीची कातडी स्वच्छ दिसायला लागली. उज्ज्वला मात्र रत्नाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली.

"मेडिकलमधली क्रीम परस्पर लावू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डाग दिसेनासा होतो, रोग आत वाढत राहतो. गोळ्या घ्या, टॉवेल वेगळा ठेवा आणि पंधरा दिवस पाण्यात उतरू नका."

रत्ना पंधरा दिवस जाळीबाहेर बसून रडली. उज्ज्वलाने तिला उतरू दिलं नाही. मग बाईंनी चिठ्ठी लिहून दिली: आता संसर्ग नाही, पोहायला हरकत नाही, उरलेला डाग सावकाश जाईल.

तोवर पालकांचे फोन सुरू झाले होते. गोरखशेठने पाणी बदललं का? छे! दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. त्याने फाटकावर पाटी लावली: त्वचारोग असणाऱ्यांना प्रवेश नाही. मुलींच्या दारावर तपासायला उज्ज्वलाला उभं केलं.

"कुनाची पोरगी हाय ते बघून बोल," त्याने बजावलं. "पन एखादीला तरी माघारी लाव. न्हाईतर लोक म्हनत्याल, तपासणी नुसती नावाला."

निवडचाचणीच्या रविवारी ओळ लागली. आरती आली. मांडीवर टाल्कम पावडरचा जाड थर, आणि थराच्या कडेने लालभडक नवं कडं बाहेर आलेलं. उज्ज्वलाने ते बघितलं. आरतीच्या आईने तिला बघताना बघितलं.

"ऊन लागलंय पोरीला," ती म्हणाली.

"जा बाळा आत," उज्ज्वला म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला किळसवाणा वाटला.

तीस मुली आत गेल्या. माघारी एकही गेली नाही. गोरखशेठ दाराशी येऊन उभा राहिला. ओळीत शेवटी रत्ना होती. खांद्यावरचा तपकिरी डाग लांबूनही दिसत होता.

"हिला सोडनार व्हय?" आरतीची आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आमच्या पोरींनी काय घोडं मारलंय?"

चिठ्ठी उज्ज्वलाच्या कनवटीला होती. तिचा हात तिथवर गेलाही. गोरखशेठ तिच्याकडे बघत राहिला. उज्ज्वलाला ती खोली दिसली, खोलीतलं सामान दिसलं, सामान घेऊन जायचं कुठं ते मात्र दिसेना.

"रत्ना, मागं फिर."

पोरीला आधी चेष्टाच वाटली. "आई, चिठ्ठी दाखव की."

"मागं फिर म्हनते ना!"

"आरतीच्या मांडीवर काय हाय ते बघितलंस ना तू?"

"न्हाई," उज्ज्वला म्हणाली. "म्या काय न्हाई बघितलं."

आत शिट्टी वाजली. रत्ना पोहण्याच्या पोशाखावर तशीच उभी होती. मग तिने फ्रॉक चढवला आणि जाळीपलीकडे जाऊन उभी राहिली. आरती पहिली आली, रत्नाच्या नेहमीच्या वेळेपेक्षा चार सेकंद मागे, तरी पहिलीच.

बक्षीस समारंभात गोरखशेठने माइक हातात घेतला. "आमच्या उज्ज्वलाबाई! पोटच्या पोरीलाबी सोडलं न्हाई. हिला म्हनत्यात इमानदारी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल आणि नारळ द्यायला आरतीची आईच पुढे आली. उज्ज्वलाला वाटलं, आत्ता चिठ्ठी काढावी आणि वाचून दाखवावी सगळ्यांना. पण तिने पदर सावरला, शाल घेतली आणि हात जोडले.

संध्याकाळी ती शाल खांद्यावर घेऊनच खोलीत आली तेव्हा रत्ना वळकटीला टेकून बसली होती. तिने आईकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लई शोभतीय," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.