अष्टमीला चिकटवलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. जुनी म्हणते, पण माझे वय अवघे दोन वर्षांचे. ओलीने मला लवकर म्हातारी केले. माझ्या अंगावर सागाचा पातळ थर आहे. त्याखाली हलक्या लाकडाचे उभेआडवे थर एकमेकांना धरून आहेत. कारखान्यात आम्हाला दाबून, तासून तयार केले आणि खाडीकाठच्या जूचंद्र गावी शत्रुघ्नआजोबांच्या घरी पाठवले.

आजोबा गुळगुळीत लादीवर घसरून पडले होते. खुब्याचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, अल्पेशला, बजावले होते, "पुन्हा पडले तर उठणार नाहीत." म्हणून ते घरी येण्याआधी त्यांच्या खोलीत आम्हाला बसवायचे ठरले.

खालून ओल येते का ते पाहायला जेन्सन सुताराने लादीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो सोलून काढला. खाली ओलीचा थेंबही नव्हता.

"कोरडी ठाक!" अल्पेश म्हणाला. "चिकटव आता फळ्या."

दाराशी तांदूळ निवडत बसलेली त्याची आई, बायजाआजी, हसली. "अरे, आज अष्टमी. भांगाची बारकी भरती. पानी आज खाडीतच निजलंय. इथं आपलं खारं शेत होतं. अवसेला उधान आलं की खालून पाझर फुटायचा. अवस जाऊ दे, मग परत बघ."

"आई, शेत कधीच गेलं. खाली भराव आहे, काँक्रीट आहे."

"खाडीला कोनी सांगितलं ते?"

जेन्सनने मान हलवली. "मावशी बरोबर बोलते. थांबायचं नसेल तर प्लास्टिक आणि फोम अंथरतो. वर फळ्या नुसत्या एकमेकींत अडकवायच्या, जमिनीला चिकटवायच्याच नाहीत."

"त्या चालताना पोकळ वाजतात. शिवाय उंची वाढून उंबऱ्याशी पायरी होणार. बाबा नेमके तिथंच अडखळतील."

"उतरती पट्टी लावू ना."

"नको. रविवारी बाबा येतायत. चिकटव."

मित्रांनो, अल्पेश वाईट नव्हता. बापाच्या पायाखाली बोटभर उंचवटाही त्याला नको होता. जेन्सनने निमूटपणे गोंद पसरला. माझ्या वाट्याला उंबऱ्याजवळची जागा आली.

आजोबा आले. रोज सकाळी ते काठी टेकत पलंगापासून माझ्यापर्यंत यायचे आणि अंगणाकडे पाहत उभे राहायचे. "पायाला कशी ऊब लागते," म्हणायचे. आलेगेले माझे कौतुक करायचे. तेच माझे सुखाचे दिवस.

पहिल्या अवसेला माझ्या पोटाला गारवा लागला. पौर्णिमेला तो वाढला. खालून काहीतरी हळूहळू चढत होते आणि मला ओरडता येत नव्हते. गोंद सुटू लागला. मी फुगले. माझी एक कड नखभर वर आली.

पुसताना आजीने माझ्यावर तळहात फिरवला. "अल्पेश, ही फळी उठतेय रे."

"जेन्सनला बोलावतो, आई. या रविवारी."

तो रविवार गेला. त्यानंतरचाही गेला. आजी माझ्यावर पाट टाकून बसू लागली. आजोबा चिडवायचे, "काय गं, दारावर पहारा?"

"व्हय. तुम्ही पळून जाल म्हनून."

मग श्रावणातली अवस आली. आजी अंगणात वाळत घातलेले कपडे उचलायला गेली. आजोबांनी पाट रिकामा पाहिला. तिला चकित करावे म्हणून त्यांनी काठी पलंगाला टेकवून ठेवली आणि नुसते चालत आले. एक पाऊल, दुसरे, तिसरे. माझ्यापाशी येऊन त्यांनी पाट पायाने बाजूला सारला. मी सारे बळ लावून कड खाली दाबू पाहत होते. पण खाली उधाण होते. त्यांचा अंगठा माझ्याच कडेत अडकला आणि ते पडले.

जेन्सनने मला आणि बाकीच्या फळ्यांना पहारीने उचकटले, तेव्हा खालची लादी घामेजलेली होती.  पुढे माझे चार तुकडे करून आजोबांच्या पलंगाच्या पायांखाली घातले. पलंग उंच झाला, त्यामुळे पडल्या पडल्या त्यांना अंगण दिसते. माझ्यावर ते आता कधीच पाय ठेवत नाहीत.

मित्रांनो, घरात काही बसवाल तेव्हा खाली पूर्वी काय होते, हे घरातल्या जुन्या माणसाला विचारा. आणि एक अवस थांबा.

आज पुन्हा अवस आहे. मला गार लागते आहे. वरून आजोबा विचारतात, "बायजे, भरती आली काय?"

 अल्पेश खाली वाकतो आणि माझ्या कडेवरून तळहात फिरवून पाहतो.