उलटी म्हणून शिवली

घसा फुटेस्तोवर सांगितलं, मी उलटी नाही. कुणाला खरं वाटलं नाही.

मी जपानी चित्रकथा बोलतेय. आमच्यात पुस्तक उजवीकडून उघडतात, चित्रंही उजवीकडून डावीकडं बघत जायची. तसं इंग्रजीत माझ्यावर छापलंय. वाचतंय कोण?

मामानं मला हैदराबादच्या फुटपाथवरून जळकोटला आणलं, दोन भाच्यांसाठी. धाकट्या शिवकन्यानं डावीकडून उघडलं आणि पहिल्या झटक्यात शेवट बघितला.

"सिंधुआक्का, ही चित्रातली पोरगी तर आधीच मेली की!"

"येडे, फिरवून धर. उर्दू शाळंतली पोरं धरत्यात तसं."

दुष्काळाचं साल. टँकरच्या रांगेत घागरी पुढं सरकवत दोघी मला वाचायच्या. माझ्या मधल्या दोन पानांवर मिळून एकच चित्र होतं. दोन बहिणी, एक या पानावर, एक त्या पानावर. हात लांबवलेले आणि मधल्या शिवणीपाशी बोटाला बोट भिडलेलं. तिथं आल्या की दोघीही तसंच बोट भिडवायच्या.

मग सिंधुचं लग्न ठरलं. "एक तरी लेक पाण्याच्या गावात जाऊ दे," आई गुणाबाई म्हणाली. चौकात नव्या जिल्ह्यासाठी घोषणा चालल्या होत्या. घरात पोरीला कुणी विचारलंसुद्धा नाही. सिंधुनं एवढंच मागितलं, "शिवे, ते पुस्तक मला दे."

"तू ऱ्हा, मंग देते." शिवकन्या रुसली ती रुसलीच.

माझी पानं निखळली होती. सिंधुला पुस्तक नीट करून द्यावं म्हणून बाप धोंडप्पानं मला गुपचूप मुखेडच्या बाजारात बाईंडरपुढं टाकलं. "उलटी शिवलीय बघ. सरळ कर."

त्यानं उजवी कड कापली, डावीकडून दाभण घातला. मी ओरडले. ते दोघे खूश. "आता कशी बुकावाणी दिसून राहिली!"

भिडलेली बोटं बाहेरच्या कडांना गेली. बहिणी पाठीला पाठ लावून बसल्या. बापानं मला सिंधुच्या पेटीत लुगड्यांखाली दडपलं. इकडं शिवकन्याचा रुसवा मावळला, तेव्हा ती मला घरभर शोधत रडली.

पंचमीला सिंधु माहेरी आली ती मला आपटतच. "रुसलीस तर रुसलीस! चित्रातल्या बहिणींचे हात कामून तोडलेस गं?"

"आक्का, म्या न्हाई! देवाशप्पथ न्हाई!"

बाप दारातच होता. चित्राकडं बघितलं, काय झालं ते त्याला कळलं. खाकरला. "टँकर आला का?" म्हणत घागर घेऊन बाहेर पडला.

त्यानंतर सिंधु आली नाही. मी कोरड्या रांजणावर झाकण आहे. पुस्तक कुणी नासवलं, असं कुणी विचारलंच तर मी बापाचं नाव ओरडते. ते कुणाला ऐकू येत नाही. घरातले सगळे एकच नाव घेतात, बापसुद्धा.

शिवकन्या.