जिपाराच्या नावावरची ओळ

बिश्केकमधल्या आमच्या कंपनीत मी सगळ्यांत वयस्कर. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवून मग इथे आलो, तर इथेही अर्धी माणसं माझ्याच वर्गातली निघाली. त्यामुळे मला नावाने कोणी हाक मारत नाही. गुरुजी म्हणावं तसं सगळे ‘अगाय’ म्हणतात.

आम्ही दवाखान्यांसाठी नंबर लावायचं सॉफ्टवेअर करतो. सगळंच काही आम्ही लिहीत नाही. जगभरातल्या लोकांनी लिहिलेले तयार तुकडे, म्हणजे पॅकेजेस, सार्वजनिक रजिस्ट्रीतून घेतो. तिथे कोणीही ठेवावं, कोणीही न्यावं. आमचे स्वतःचे तुकडे मात्र आमच्या खासगी रजिस्ट्रीत असतात. त्यातल्या एकाचं नाव केझेक. आमच्याकडे केझेक म्हणजे रांगेतली पाळी.

दोन वर्षांपूर्वी जिपारा नवीन लागली, तेव्हा मी तिला शिकवत होतो. शिकणाऱ्याच्या हातातून कळफलक कधी घ्यायचा नाही, ही माझी जुनी पद्धत. मी सांगायचं, तिने लिहायचं. पॅकेजेस कुठून आणायची हे संगणकाला सांगायची वेळ आली.

“दोन्ही रजिस्ट्र्यांचे पत्ते दे,” मी म्हणालो. “दोन्हीकडे बघू दे आणि जिथला आवृत्ती क्रमांक मोठा, तिथलं घेऊ दे. रोजची कटकट नको.”

“पण अगाय, आपल्याच नावाचं काही कोणी बाहेर ठेवलं तर?”

“केझेक नाव शोधत कोण येतंय इथवर? लिही तू.”

तिने लिहिलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. मोठ्यांना दुसऱ्यांदा विचारत नाहीत आमच्याकडे.

गेल्या आठवड्यात कोणीतरी आलं. सार्वजनिक रजिस्ट्रीत केझेक नावाचं पॅकेज ठेवलं आणि त्याला क्रमांक दिला नव्व्याण्णव. आमचं होतं चारवर. संगणकाने सांगितल्याप्रमाणे मोठा क्रमांक उचलला, आणि त्या तुकड्यात माहिती चोरून बाहेर पाठवायची सोय होती. आमच्या लक्षात येईपर्यंत चार दवाखान्यांतल्या रुग्णांची नावं, फोन आणि कोण कशासाठी आलं होतं ते सगळं बाहेर गेलं होतं. त्यात क्षयाचेही रोगी होते. त्यांनी ते शेजाऱ्यांपासूनसुद्धा लपवलेलं असतं.

ती ओळ कोणी लिहिली ते शोधायला संगणकातला बदलांचा इतिहास उघडला. तिथे जिपाराचं नाव.

सोमवारच्या बैठकीत आमच्यातला बेकझात म्हणाला, “दार उघडं ठेवलं ते ठेवलं, वर पायपुसणंही घातलंस की गं!” एकदोघे हसले. जिपाराने मान खाली घातली. मी समोरच बसलो होतो. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मी प्याल्यातला चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

आमचा संचालक तालाय म्हणाला, “दवाखान्यांना कोणाला काढलं ते सांगावं लागेल. शुक्रवारपर्यंत.”

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. “तू बोलली का नाहीस?”

“काय बोलू, अगाय? तुमचं नाव घेऊ सगळ्यांसमोर?” ती हळूच म्हणाली. “आईला काय सांगू मग, अगायवर ढकललं म्हणून? तुम्ही काळजी करू नका. मला मिळेल दुसरीकडे.”

तिला दुसरीकडे मिळणार नव्हतं. ही बातमी तिच्याआधी पोचली असती. ते तिलाही ठाऊक होतं. आणि मला, खोटं कशाला सांगू, तिचं बोलणं ऐकून क्षणभर हायसं वाटलं होतं. त्या एका क्षणाची लाज मला दोन दिवस बसू देईना.

बुधवारी तालायच्या खोलीत गेलो. बेकझात आणि जिपारा तिथेच होते.

“ती ओळ माझी आहे,” मी म्हणालो. “हात तिचे होते. सांगितली मी.”

तालाय उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “अगाय, तुम्ही अजून तसेच आहात. वर्गात मी काच फोडली तेव्हाही स्वतःवर घेतलं होतंत. पण हे मी घेऊ देणार नाही.”

“काच माझी नव्हती. ही आहे.”

“बसा हो, अगाय. चहा घ्या.” आणि जिपाराकडे वळून, “बघ, अशा माणसाला काय दिवस दाखवलास!”

माझ्या खरेपणाने तिला आणखीच खाली ढकललं. आता एकच उरलं होतं, आणि तेही वाईटच.

“जिपारा, त्या दिवशी तू मला काय विचारलं होतंस?”

तिने दाराकडे पाहिलं.

“मी तुझा अगाय आहे ना? मग विचारतोय त्याचं उत्तर दे.”

“विचारलं होतं की... आपल्या नावाचं कोणी बाहेर ठेवलं तर.”

“आणि मी?”

“तुम्ही म्हणालात, कोण येतंय इथवर. लिही तू.” एवढं बोलून तिने तोंड झाकून घेतलं.

बेकझात खिडकीकडे पाहू लागला. तालाय खुर्चीत बसला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तू जा कामाला, जिपारा.” आणि मला, “दवाखान्यांना पत्र तुम्हीच लिहा. तुमच्या नावाने. आणि उद्यापासून...”

“उद्यापासून येत नाही,” मी म्हणालो.

जिपारा दारातच थांबली होती. मला वाटलं, तिचं ओझं उतरलं असेल. तिने आमच्या रीतीप्रमाणे छातीवर हात ठेवून मान लववली आणि म्हणाली, “हे तुम्ही माझ्याकडून नको होतं वदवून घ्यायला, अगाय.”

मी पत्र लिहायला बसलो. पहिल्या वाक्यात ‘आमच्याकडून’ लिहिलं होतं. ते खोडून ‘माझ्याकडून’ केलं.