एक रिंग म्हणजे होय

माझा धाकटा भाऊ झुल्फिकार याला टायर कंपनीनं बँकॉकला न्यायचं ठरवलं, तेव्हा त्यानं सगळ्यात आधी मोबाईलसाठी पट्ट्याला अडकवायची चामडी पिशवी आणली. पासपोर्टचा अर्ज त्यानंतर भरला. कापूरहोळच्या फाट्यावर त्याचं टायरचं दुकान आहे. त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, कंपनीनं ठरवून दिलेल्या आकड्यापेक्षा त्यानं ट्रकचे टायर जास्त विकले. अशा वीस-पंचवीस दुकानदारांना कंपनी पाच दिवस फिरवून आणणार होती.

मी वेल्ह्याच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर भोरला झुल्फिकारच्या घरी मागच्या खोलीत राहायला आले. घरात त्याची बायको जाहिदा आणि मुलगी गुलफशा. गुलफशा त्याच जूनमध्ये बारावी सायन्स पास झाली होती, ब्याऐंशी टक्के. तिला पुण्यात बी.एस्सी. करायचं होतं. कॉलेजचा फॉर्म मी आणून ठेवला होता. तो सहलीनंतरच्या सोमवारपर्यंत द्यायचा होता आणि त्यावर वडिलांची सही हवी होती.

दुसरीकडे, वरव्याचे इस्माईलभाई आपल्या शाकिरसाठी तिला बघून गेले होते. मुलाचा स्वतःचा टेम्पो, सुपारीचंही व्यसन नाही, मुलगी पसंत. त्यांना शुक्रवारपर्यंत होय किंवा नाही हवं होतं, कारण शिरवळला आणखी एक मुलगी बघायची होती.

झुल्फिकारनं त्यांना सांगितलं, "इचार करतो जरा. शुक्रवारी तिकडनं फोन लावतो."

विचार करायला त्याला घरात दहा दिवस मिळाले होते. ते बॅग निवडण्यात गेले. होय किंवा नाही हा शब्द तो भोरच्या ओट्यावर बसून देऊ शकला असता, पण परदेशातून आलेल्या शब्दाचं वजन जास्त भरतं, असं त्याला वाटत असावं. मुलीला काय हवं, हे त्यानं विचारलं नाही. मी फॉर्म पुढं केला तेव्हा म्हणाला, "आपा, आधी इचार तर हुंदे. सही काय, कवाबी हुती."

मोबाईल कंपनीनं रोमिंग सुरू करताना एक दरपत्रक दिलं होतं. ते घरात मी एकटीनं वाचलं. बँकॉकहून इकडे फोन लावला तर मिनिटाला एकशे चाळीस रुपये. इकडून गेलेला फोन त्यानं तिथं उचलला तर मिनिटाला साठ, तेही त्याच्याच बिलात. सुरू झालेलं मिनिट पूर्ण धरलं जाणार. रिंग वाजून कोणी उचललं नाही तर काही नाही.

शेवटचं वाक्य ऐकल्यावर झुल्फिकार सरळ होऊन बसला.

"मंग बोलायचंच कशाला? मिस कॉल द्यायचा."

ही युक्ती त्याची नव्हती. ती सारोळ्याच्या कुंडलिकची होती. कुंडलिकचंही टायरचंच दुकान, आणि तोही या सहलीला निघालेला. आदल्या वर्षी तो सिंगापूरला जाऊन आलेला, त्यामुळं त्या हमरस्त्यावर परदेश या विषयातला शेवटचा शब्द त्याचा. तो आमच्या घरी येऊन खुर्चीत रेलून सगळं समजावून गेला.

"वैनी, सोपं हाय. एक रिंग म्हंजी सुखरूप पोचलो. दोन म्हंजी बॅग आली न्हाई. तीन म्हंजी अडचण. म्या सिंगापूरला पाच दिवस होतो, बिल आलं शून्य."

"पाच दिवसांत घरी काय काय कळवलंत?" मी विचारलं.

"काय न्हाई. बॅग आली हुती माझी."

मी झुल्फिकारला म्हटलं की तिथं उतरल्यावर तिथलं सिमकार्ड मिळतं, फोनचे बूथही असतात, आपल्या एसटीडीसारखे. तिथून दोन मिनिटं नीट बोलता येईल, आणि याच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात.

"दुसरं शिम घातलं की पहिलं मरतं," कुंडलिक म्हणाला.

"मरत नाही."

"आपा," झुल्फिकार हसला, "तुमी पुस्तकातलं सांगता. ह्यो माणूस जाऊन आलाय."

मग मी त्यांना एक प्रयोग करून दाखवला. लावणाऱ्याच्या कानात जी रिंग वाजते ती समोरच्या फोनची नसते. ती टेलिफोनच्या यंत्रणेनं त्याच्यासाठी वाजवलेली वेगळी खूण असते. दोन्हींचा ताल जुळेल याचा काही भरवसा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेऊन मी झुल्फिकारला जाहिदाचा नंबर लावायला सांगितला. त्याच्या कानात एक रिंग पूर्ण झाली, त्यानं कापला. जाहिदाच्या हातातला फोन गप्पच राहिला. पुन्हा लावला, एकीला कापला. या वेळी जाहिदाचा फोन दोनदा वाजला.

दोघांनी फोनकडं पाहिलं. शाळेत सातवीची मुलंसुद्धा एवढं पाहिल्यावर गप्प बसायची.

कुंडलिक म्हणाला, "दोन्ही फोन एकाच खोलीत हायेत. जवळ असलं की एकमेकांच्या अंगावर येतात. लांबून बराबर वाजतंय."

"व्हय," झुल्फिकार म्हणाला, "लांबून साफ येत असंल."

जाहिदाच्या फोनवर गाणं होतं. गाण्यात रिंगा मोजता येणार नाहीत म्हणून त्यानं ते काढून साधी ट्रिंग-ट्रिंग लावली. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यानं स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं: एक, पोचलो. दोन, बॅग. तीन, अडचण. त्याखाली रेघ मारून: शुक्रवार. एक होय. दोन नाही. आणि त्याखाली जाड अक्षरात: उचलायचा नाही.

गुलफशा चुलीपाशी उभी राहून ते वाचत होती. तिच्या आयुष्याचा निकाल दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहिला जात होता. रात्री माझ्या खोलीत येऊन तिनं दरपत्रक मागून घेतलं.

मंगळवारी सकाळी तो पोचला. आमच्याकडं नेटवर्क फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं, म्हणून फोन तिथंच पिठाच्या डब्यावर ठेवलेला. तो वाजला. एक. दोन. तीन. मग बंद.

जाहिदानं खालीच बसकण मारली. "अडचण. या अल्ला, तीन वाजल्या."

"एकच दिली असेल त्यानं," मी म्हटलं.

"आपा, मी मोजल्या. तीन."

तिनं सारोळ्याला कुंडलिकच्या घरी फोन लावला. कुंडलिकची बायको म्हणाली की तिच्याकडं रिंग वाजलीच नाही, म्हणजे ते तर पोचलेच नाहीत. दोघी एकाच विमानातल्या नवऱ्यांसाठी फोनवर रडल्या. तासाभरानं पुन्हा मिस कॉल आला. या वेळी दोन वाजल्या. जाहिदानं डोळे पुसले.

"बॅग आली न्हाई वाटतं. असू दे. जीव तर हाय."

बॅग व्यवस्थित आली होती, हे रविवारी कळलं.

मी जाहिदाला म्हटलं, "हे असं असेल तर शुक्रवारी काय करणार आहेस?"

"त्ये म्हणतात तसं."

"ते काय म्हणतात हे कळणार कसं?"

"वाजंल तसं," ती म्हणाली. तिनं पंचवीस वर्षं याच पद्धतीनं संसार केला होता.

माझे वडील ड्रायव्हर होते. मला पुण्याला शिकायला पाठवायचं की नाही, हा प्रश्न आला तेव्हा ते मिरजेला होते. त्यांनी पाच पैशांच्या पोस्टकार्डावर लिहून पाठवलं होतं, "तिला शिकायचं आहे तर शिकू द्या." कार्ड पोचायला चार दिवस लागले. पण ते वाचल्यावर घरात कुणाला काही मोजावं लागलं नाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर इस्माईलभाई आले. बरोबर त्यांची बायको. बाहेरच्या खोलीत बसले. जाहिदानं शिरा केला होता. फोन आतल्या खिडकीत, पिठाच्या डब्यावर. झुल्फिकार फोन करणार एवढंच त्यांना माहीत होतं, रिंगांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"बँकॉक म्हंजी लई लांब न्हवं?" इस्माईलभाईंनी मला विचारलं.

"विमानानं चार-पाच तास."

"म्हंजी वेल्ह्याला एसटीनं जायचं तेवढंच."

"एसटी वेळेवर आली तर."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. त्या सगळ्या प्रकारात तोच एकटा स्वतः चालत येऊन विचारणारा होता.

चार वाजता फोन वाजला. जाहिदा आणि मी आत धावलो. गुलफशा आतच होती, शिऱ्याच्या बशा ताटात मांडत.

एक रिंग झाली. जाहिदानं एक बोट वर केलं. तिचा चेहरा खुलला, तिला होयच हवं होतं. तेवढ्यात दुसरी सुरू झाली आणि बोट हवेत तसंच राहिलं. गुलफशानं बशी खाली ठेवली, हात ओढणीला पुसले आणि फोन उचलला.

"अब्बा, मी गुलफशा."

पलीकडचा आवाज फोनमधून आम्हालाही स्पष्ट ऐकू येत होता. परदेशात आवाज पोचावा म्हणून झुल्फिकार ओरडूनच बोलत असावा.

"उचलला कशाला? ठेव. ठेव आधी."

"मिनिट सुरू झालंय, अब्बा. आता ठेवला तरी एकशे चाळीस जाणारच. मग बोलून घेऊ."

"कुनी शिकवलं तुला हे?"

"कंपनीच्या कागदावर लिहिलंय. तुम्ही होय म्हणालात की नाही?"

"एक दिली म्या. एक म्हंजी होय. कॅलेंडरवर लिवलंय न्हवं?"

"इथं दोन वाजल्या."

"मंग फोन बिघडलाय तुमचा. होय म्हन त्यांना अन् ठेव."

"अब्बा, मला शाकिरशी आत्ता लग्न करायचं नाही. मला पुण्याला शिकायचंय. सोमवारी फॉर्म द्यायचाय. हे मला तुम्हाला महिनाभर सांगायचं होतं."

मागून कुंडलिकचा आवाज आला. "झुल्फी, दुसरं लागलं." तो हातातल्या घड्याळावर मिनिटं मोजत असावा.

"आल्यावर बोलू, बाळा. रविवारी येतोय मी."

"पाहुणे बाहेर बसलेत. त्यांना आज हवंय."

"मी कापतो."

"कापा. मग मी इथून लावते. तुम्ही उचलला तर साठ पडतील."

"उचलणारच न्हाई."

"मग मी बाहेर जाऊन सांगते, अब्बांनी दोन वाजवल्या. अम्मीनं मोजल्यात, फुफीनं मोजल्यात. कॅलेंडरवर तुमच्याच अक्षरात लिहिलंय."

जाहिदानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मोजल्या तर होत्याच.

माझा भाऊ विचार करत होता. बॅग निवडण्यातून सवड मिळाल्यावर या विषयावर त्यानं केलेला हा पहिलाच विचार असावा.

"झुल्फी," कुंडलिक म्हणाला, "तिसरं लागंल आता. लागलं."

"बरं, बरं, न्हाई सांग," झुल्फिकार घाईनं म्हणाला. "शीक. काय शिकायचं ते शीक. पन ठेव आता."

"फॉर्मवर सही करणार ना?"

"करतो. रविवारी आल्या आल्या करतो. ठेव."

"शुक्रिया, अब्बा," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. पडद्यावर दोन मिनिटं छत्तीस सेकंद असं आलं. तिनं ते मला दाखवलं. मग ती पिठाच्या डब्याला टेकून उभी राहिली.

जाहिदा बाहेर जायला तयार नव्हती. मी गेले. इस्माईलभाईंना सांगितलं की झुल्फिकारचा फोन होता, आणि मुलीला शिकू द्यायचं त्यानं ठरवलंय, तेव्हा आत्ता नाही म्हणतोय.

त्यांनी शिऱ्याची बशी खाली ठेवली. "स्वतः बोलले?"

"स्वतः."

"किती येळ बोलले?"

"तीन मिनिटं."

इस्माईलभाई बायकोकडं वळले. "तीन मिनिटं. परदेशातून. म्हंजी लई इचार केलेला दिसतोय त्यांनी." मग मला म्हणाले, "आमची काय नाराजी न्हाई. एवढा खर्च करून माणसानं निरोप दिला, ह्यातच सगळं आलं." शिरा पूर्ण खाऊन ते शिरवळची मुलगी बघायला निघाले.

रविवारी झुल्फिकार आला. बॅग खाली ठेवायच्या आत गुलफशानं पेन पुढं केलं. त्यानं सही केली, आणि मग अर्धा तास आम्हाला तिथल्या हॉटेलातल्या लिफ्टबद्दल सांगितलं. सोमवारी मी आणि ती सकाळच्या एसटीनं पुण्याला जाऊन फॉर्म देऊन आलो. तिला प्रवेश मिळाला.

महिन्यानं बिल आलं. मला वाटलं होतं, तो ते फाडून टाकेल. पण तोपर्यंत इस्माईलभाईंनी वरव्यापासून सारोळ्यापर्यंत ती तीन मिनिटं सगळ्यांना सांगून ठेवली होती. आता झुल्फिकारनं ते बिल दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली लावलंय. पंक्चर काढायला थांबलेल्या माणसाला तो ते दाखवतो.

"पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न हुता. बँकॉकहून बोललो. एका फोनचे चारशे वीस. म्हटलं, जाऊ दे. पोरीसाठी पैशाकडं बघायचं नसतं."

चारशे वीसच्या ओळीच्या वर बिलात आणखी एक ओळ आहे. गुरुवारी दुपारी शिरवळच्या एका ट्रकमालकाचा फोन झुल्फिकारनं बँकॉकमध्ये उचलला होता. मागच्या दोन टायरांचा भाव ठरत नव्हता. अकरा मिनिटं, सहाशे साठ रुपये. बिल दाखवताना ती ओळ तो बोटानं झाकतो.