पिवळी पडलेली चौदा झाडं

उद्यान खात्यात तिला सगळे सुतारबाई म्हणायचे. लाकडाशी तिचा सुतारकामाचा काही संबंध नव्हता, पण बावीस वर्षं ती शहरातल्या झाडांच्या खोडांवर लाकडी हातोडीनं ठोकत फिरत होती. खोड भरीव असलं की आवाज बसका येतो, आतून पोखरलं असलं की घुमतो. खोडावर टकटक करणाऱ्या सुतारपक्ष्यावरून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

दोन वर्षांपूर्वी खात्यानं झाडांचं डिजिटल मॉडेल बनवायला घेतलं. प्रत्येक झाडाला क्रमांक, उंची, घेर, पानांचा विस्तार. पडद्यावर बोट सरकवलं की महिने पुढे जायचे: पानं पिकायची, गळायची, पुन्हा कोंब फुटायचे. आणखी सरकवलं की वर्षं जायची आणि खोड जाडजूड व्हायचं. निरोगी झाड हिरवं, शंका असलेलं पिवळं, तोडण्याजोगं लाल. हे काम करायला जो माणूस नेमला तो सुतारबाईचा धाकटा दीर होता. तिनंच साहेबांकडे त्याचं नाव सुचवलं होतं, आणि याचा तिला मनातून अभिमान होता.

तो अभिमान एका सोमवारी डळमळला. ती दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत सहज डोकावली तेव्हा पडद्यावर तरणतलावाकडे जाणारा रस्ता होता. त्या रस्त्याच्या कडेची चौदाच्या चौदा झाडं पिवळी होती. त्या सगळ्यांची तिनं महिन्यापूर्वी स्वतः ठोकून "भरीव" अशी नोंद केली होती. तिला पाहताच दिरानं पडदा बदलला आणि चहा घेणार का विचारलं.

तो रस्ता रुंद करायचं घाटतंय हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. निरोगी झाडं तोडायची तर दहा परवानग्या लागतात, आजारी झाडांना एक सही पुरते. सुतारबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ती दुपारी नोंदींच्या खोलीत बसली आणि चौदा झाडांचा इतिहास उघडला. "भरीव"च्या जागी "पोकळ असण्याची शंका" असा बदल झाला होता, आणि बदल करणाऱ्याच्या रकान्यात तिचंच नाव होतं. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटांची. त्या वेळी ती घरी कणीक मळत असते. तिचा पासवर्ड तिच्याखेरीज एकालाच ठाऊक होता, कारण तो त्यानंच तयार करून दिला होता.

तिनं ताकास तूर लागू दिली नाही. सगळ्या नोंदी पुन्हा "भरीव" केल्या आणि वाट पाहिली. गुरुवारी त्या पुन्हा बदललेल्या होत्या.

मग तिला सगळीकडे काळंबेरं दिसायला लागलं. ती जिना चढून आली की कारकून कुजबुजायचे. साहेब बोलता बोलता आवाज इतका खाली आणायचे की शेवटचे शब्द कळू नयेत. दीर फोन घेऊन गॅलरीत जायचा. ती दारामागे उभी राहून कानोसा घ्यायची, पण नुसती पुटपुट ऐकू यायची. तिला वाटलं, सगळा कट आहे आणि तिला वगळून शिजतोय.

रात्रीच्या जेवणाला तिनं नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आणि भावाबद्दल वाईट ऐकायची त्याला सवय नव्हती. त्यानं आधी ऐकून घेतलं, मग म्हणाला की तुला प्रत्येक खोडात वाळवी दिसते. तिनं उत्तर दिलं की तेच तिचं काम आहे. पुढे तो काहीतरी बोलला ते तिला समजलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. कुंपणच शेत खात असेल तर राखणाऱ्यानं कुणाकडे बघायचं, याच विचारात ती भांडी विसळत राहिली.

शुक्रवारी तिनं नोंदी दुसऱ्यांदा "भरीव" केल्या. बदल सकाळी सातच्या सुमाराचे होते, म्हणून त्या वेळी झाडांपाशी कोण येतं ते बघायला शनिवारी सकाळी साडेसहाला ती तरणतलावाच्या बंद तिकीटखिडकीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. सोबत कामाची पिशवी होती.

पावणेसातला दीर आला. एकटाच. त्यानं पाठीवरची बॅग उतरवली आणि सातव्या झाडाच्या खोडाभोवती एक काळा पट्टा गुंडाळला. पट्ट्याला बोटभर लांबीच्या नळ्या होत्या. मग छोट्या हातोडीनं त्यानं एकेका नळीवर ठोकलं आणि हातातल्या पडद्याकडे बघत बसला.

ती आडोशातून बाहेर आली. "माझ्या नावानं नोंदी तुम्ही बदलता ना भाऊजी?"

तो दचकला, पण पळाला नाही. "हो वहिनी."

कुणासाठी, असं तिनं विचारलं. त्याला प्रश्न कळलाच नाही. तिनं रुंद होणाऱ्या रस्त्याचं, त्याच्या ठेकेदाराचं, साहेबांच्या हळू आवाजाचं सगळं बोलून दाखवलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, की तुमची हातोडी काढा आणि हे झाड वाजवा.

तिनं वाजवलं. आवाज बसका होता. भरीव.

"आता ते, कोपऱ्यावरचं."

तिनं तेही वाजवलं. तेही भरीव.

"दोन्ही सारखीच वाजतात तुम्हाला?"

"सारखी आहेत म्हणून सारखी वाजतात."

त्यानं पडदा तिच्यापुढे धरला. खोड आडवं कापल्यासारखं चित्र होतं. कोपऱ्यावरचं झाड कडेपासून मध्यापर्यंत एकसारखं फिकट, सातव्याच्या मधोमध मोठा काळा डाग. आवाजाची लाट लाकडातून किती वेगानं जाते त्यावरून हे कळतं, असं त्यानं सांगितलं. मग जवळ येऊन, नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "हे सातवं झाड नुसत्या कानाला घुमतं, वहिनी. मलासुद्धा ऐकू येतं. तुम्हाला येत नाही."

तिला पहिल्यांदा राग आला. चित्र कुणालाही काढता येतं, ती म्हणाली, आणि चित्रं काढणं हाच तर तुमचा धंदा आहे. तिनं पिशवीतून गिरमिट काढलं आणि सातव्या झाडाला लावलं. चार बोटं लाकूड कठीण होतं, मनगट दुखत होतं. मग एकाएकी गिरमिट आत घसरलं, जसा जिन्याची शेवटची पायरी चुकून पाय पडावा. बाहेर काढलं तर टोकाला तपकिरी, ओलसर भुसा.

ती फुटपाथच्या कडेला बसली. तो भुसा तिनं बोटांनी चुरला, हुंगला. ओल्या गोणपाटाचा वास होता. याच्याबद्दल आता कुणाशी वाद घालता येणार नव्हता.

तोही शेजारी बसला आणि सांगायला लागला. गेल्या वर्षी ग्रंथालयासमोरचं झाड तिनं भरीव ठरवल्यानंतर महिन्याभरात वाऱ्यानं मोडलं, तेव्हाच त्याला शंका आली. तेव्हापासून तो तिच्या नोंदी गुपचूप तपासत होता. साहेब तिला गोदामात बसवायला निमित्तच शोधत होते. चुका तिच्याच नावानं दुरुस्त झाल्या तर त्यांना कळणार नाही, असा त्याचा हिशेब.

"माझ्या नावानं खोटं लिहिलंत," ती म्हणाली.

"खरंच लिहिलं, वहिनी."

"मी न लिहिलेलं माझ्या नावानं लिहिलं, म्हणजे खोटंच."

त्यानं खोडावरचा पट्टा सोडवायला घेतला. तिच्याकडे अजून एक प्रश्न होता, कारण संशय एकदा घरात शिरला की दाराकडे बोट दाखवलं म्हणून जात नाही. चौदापैकी किती झाडांना पट्टा लावला, तिनं विचारलं.

त्यानं बोटांवर मोजलं. आजचं धरून सहा. बाकीची आठ मॉडेलनं अंदाजानं पिवळी केली होती. एकाच वर्षी लावलेली, एकाच मातीतली, म्हणून शेजारच्यासारखीच असतील असं धरून. त्याच अंदाजावर त्यानं तिच्या नावानं त्यांच्याही नोंदी बदलल्या होत्या. कोपऱ्यावरचं झाड त्यानं स्वतः तपासलं, ते निरोगी निघालं, तरी पडद्यावर ते पिवळंच राहिलं होतं. तो रंग बदलायचा राहून गेला होता.

"म्हणजे तुम्हीपण न वाजवताच लिहिता," ती म्हणाली.

त्या दिवशी दोघांनी मिळून उरलेली सगळी झाडं तपासली. तिनं गिरमिट धरलं, त्यानं पट्टा बांधला, आणि दोन्ही जुळल्याशिवाय एकही नोंद केली नाही. दुपारी दोनला हाताला फोड आले तेव्हा आकडा पक्का झाला: चौदापैकी सहा झाडं पोखरलेली, आठ धडधाकट.

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि आपल्या कानांचं आणि बदललेल्या नोंदींचं, दोन्ही स्वतःच सांगितलं. साहेबांच्या टेबलावर चौदाही झाडं तोडायच्या परवानगीचा कागद तयार होता, फक्त सही बाकी होती. तो कुणी तयार करायला सांगितला, हे तिनं विचारलं. साहेब काहीतरी बोलले. तिनं त्यांना मोठ्यानं बोलायला सांगितलं. तेव्हा ते म्हणाले की मॉडेलमध्ये पिवळी दिसली म्हणून, दुसरं कारण नाही. तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, पण आपला नवा अहवाल त्या कागदावर ठेवून पोच घेतली.

कानाच्या डॉक्टरांनी हळू आणि घुमणारे आवाज तिच्या दोन्ही कानांना ऐकू येईनासे झाल्याचं सांगितलं आणि यंत्र लावून दिलं. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला धारेवर धरलं, की तुम्हाला हे ठाऊक होतं का. तो म्हणाला, "वर्षभर तू माझं ऐकत नव्हतीस खरं. पण मला वाटलं, ते नेहमीचंच."

ती हसली, मग थोडी रडली, आणि त्याला ते कळलं की नाही हे तिनं तपासलं नाही.

गोदामात तिची बदली झाली नाही. दिराला मात्र लेखी ताकीद मिळाली, आणि ती तिला योग्यच वाटली. यापुढे प्रत्येक नोंदीखाली ज्यानं तपासलं त्याचंच नाव, हा नियम तिनं स्वतः लिहून दिला.

सहा झाडं कापली त्या दिवशी ती प्रत्येक बुंध्यापाशी वाकून बघत होती. पाच बुंध्यांत डोकं मावेल एवढी ढोली होती. सहाव्यात मूठभर.

"हे अजून दहा वर्षं उभं राहिलं असतं का, भाऊजी?"

दिरानं पडद्यावर वर्षं पुढे सरकवली, मागे आणली. "सांगता येत नाही."

"मॉडेल काय म्हणतं?"

"मी त्याला जे सांगितलंय तेच."

तिनं बुंध्याच्या नोंदीत "शंका" असा शब्द लिहिला, खाली आपलं नाव घातलं, आणि त्यालाही त्याचं घालायला लावलं.